नागदेवीतला लॉकवायर प्लायर आणि स्क्रूटिनीची खरेदी: काय घ्यावं, काय दुकानातच ठेवावं

स्क्रूटिनी म्हणजे स्पर्धेआधीची गाडीची तपासणी, आणि लॉकवायर म्हणजे बोल्ट सुटून पडू नयेत म्हणून त्यांना बांधायची तार. ती पिळायचा प्लायर घ्या, पण नऊ इंची आणि दोन्ही दिशांना पीळ देणारा. त्याच्यासोबत पाकिटात येणारी तार वापरू नका. ड्रिल बिटं कोबाल्टची घ्या आणि प्लायरवर वाचवलेले पैसे टेदर स्विचवर, म्हणजे चालक गाडीवरून पडला की इंजिन बंद करणाऱ्या स्विचवर घाला. एवढंच हवं होतं त्यांचं काम इथे झालं. बाकीच्यांसाठी कारणं खाली आहेत.

रस्त्यावरची मोटारसायकल टॉप स्पीडच्या किंवा ड्रॅगच्या स्पर्धेला न्यायची असेल तर आधी स्क्रूटिनी पार करावी लागते. अमेरिकेत युटामधल्या बोनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर, ऑस्ट्रेलियात लेक गेर्डनरच्या कोरड्या तळ्यावर मैलोनमैल मोकळी जागा असते. आपल्याला मुंबईहून जवळची म्हणजे लोणावळ्यापलीकडची अँबी व्हॅलीची धावपट्टी, जिथे ‘व्हॅली रन’सारख्या ड्रॅग स्पर्धा झाल्या आहेत. जमीन वेगळी, अंतर वेगळं, पण तपासणारा माणूस गाडीभोवती फिरताना तेच शोधतो: यातलं काय सुटून पडेल, काय गळेल, आणि चालक गाडीवरून उडाला तर काय चालूच राहील. नियमावली प्रत्येक आयोजकाची वेगळी असते, म्हणून खरेदीआधी आपल्या स्पर्धेची वाचून घ्या. इथे सांगितलेली तयारी मात्र बहुतेक ठिकाणी लागतेच.

यासाठी लागणारं जवळजवळ सगळं सामान मशीद बंदर स्टेशनाबाहेरच्या नागदेवी स्ट्रीटवर एका फेरीत मिळतं. रविवारी जाऊ नका, बाजार बंद असतो. सकाळी अकराच्या आसपास जा. दुपारनंतर हातगाड्या आणि टेम्पो यांच्यातून वाट काढताना दुकानदाराशी दोन शब्द बोलायचीही सोय राहत नाही. आणि मागताना ‘लॉकवायर प्लायर’ किंवा ‘सेफ्टी वायर प्लायर’ असंच म्हणा. नुसतं ‘वायर ट्विस्टर’ म्हणालात तर बांधकामावर सळया बांधायचा आकडा हातात येईल.

प्लायर

हा प्लायर दिसायला साध्या पकडीसारखाच, फक्त मधोमध एक पीळदार दांडा असतो. जबड्यात तारेची दोन टोकं धरायची, सरकता लॉक लावायचा आणि मागची मूठ ओढायची, की पूर्ण प्लायर गर्रकन फिरतो आणि तारेला एकसारखा पीळ बसतो. सहा, नऊ आणि अकरा इंच असे तीन आकार दिसतात. सहा इंची अडचणीच्या जागी जातो, पण दांडा आखूड असल्याने एका ओढीत पीळ कमी मिळतो. अकरा इंची प्लायर ब्रेकचा कॅलिपर आणि फोर्क यांच्या मधल्या फटीत शिरतच नाही. मोटारसायकलसाठी नऊ इंचीच बरा.

दोन्ही दिशांना फिरणारा कशासाठी, हा प्रश्न दुकानात नेहमी येतो, कारण एकाच दिशेचा स्वस्त पडतो. दोन बोल्ट एकमेकांना बांधताना पहिल्या आणि दुसऱ्या बोल्टमधला पीळ एका दिशेचा, आणि दुसऱ्या बोल्टनंतरचा उलट दिशेचा ठेवला, तर बोल्टच्या डोक्याला वळसा घालणारी तार खाली दबून राहते. दोन्हीकडे एकच दिशा ठेवली की तो वळसा डोक्यावरून वर सरकायला बघतो, आणि सरकला की तार सैल. एकदिशा प्लायरने हे जमत नाही असं नाही, दुसरा पीळ हाताने द्यावा लागतो. मग प्लायर घेतला कशाला?

नागदेवीत मिळणारे बहुतेक प्लायर बिननावाचे असतात. किमतीच्या मानाने काम चांगलं देतात, पण एक खोड जवळजवळ सगळ्यांत आढळते: जबड्यांचे दाते फार धारदार असतात. जिथे दाते रुततात तिथे तारेवर खाच पडते आणि कंपनाने तार तिथेच तुटते. उपाय सोपा आहे. दात्यांच्या टोकांवरून बारीक कानस हलक्या हाताने फिरवायची, मग चारशे नंबरचा पॉलिश पेपर. दाते पूर्ण घासून टाकू नका, तार निसटायला लागेल. नख फिरवल्यावर बोचू नये, इतपत पुरे.

दुकानात घेण्याआधी तीन गोष्टी बघा. जबडे मिटून उजेडासमोर धरा; टोकाशी उजेड दिसत असेल तर बारीक तार तिथून सुटणार. लॉक लावून हँडल हलवा. लॉक आपोआप सरकत असेल तर तो नग परत द्या. दांडा ओढून सोडा. अडकत अडकत परत जात असेल तर दुसरा मागा. खिशात हातभर तार नेली तर काउंटरवरच पीळ देऊन बघता येतं, दुकानदार सहसा नाही म्हणत नाहीत. ऑनलाइन मागवलं तर हीच मुभा नसते, आणि त्यातला तोटा दहा-वीस टक्के सवलतीने भरून निघत नाही. परदेशी नावाजलेला प्लायर याच्या कित्येक पटीने महाग येतो. रोज तार बांधणाऱ्या टीमला तो परवडेल; वर्षातून एखाद्या स्पर्धेला जाणाऱ्याला गरज नाही. खरं तर सहा-सात बोल्टच बांधायचे असतील तर साधी पक्कड आणि संयम यांवरही भागतं, कारण नियमावलीत तार कशी असावी हे असतं, कशाने पिळली हे नसतं.

तार

किटमधली तार हा या खरेदीतला सर्वांत वाईट भाग. ती बहुधा कडक असते. एकदा वाकवली की उसळी मारून परत येते आणि दुसऱ्या वाकणीला चिरते. हवी ती ०.८ मिलिमीटरची, ३०४ ग्रेडची, नरम केलेली स्टेनलेस तार. ओळखायची खूण: काटकोनात वाकवा आणि सोडा. नरम तार तिथेच थांबते. बांधकामाची काळी तार फुकट मिळाली तरी नको, मुंबईच्या हवेत एका पावसाळ्यात गंजते.

तार वजनावर मिळते आणि इथे हिशेब करून जावं. ०.८ मिलिमीटरच्या स्टेनलेस तारेचं वजन मीटरला साधारण चार ग्रॅम, म्हणजे किलोत अडीचशे मीटर. एका गाडीला दहा मीटरही लागत नाहीत. पाव किलो मागा, बासष्ट मीटर होते आणि चुकलेल्या गाठींसकट दोन-तीन मोसम पुरते. ‘किलोखाली देत नाही’ म्हणणारा भेटला तर चार जणांनी मिळून घ्यावी, नाहीतर दोन दुकानं पुढे जावं.

ड्रिल बिट आणि भोकं पाडण्याची सेवा

तार ओवायची तर बोल्टच्या डोक्यात भोक हवं, आणि रस्त्यावरच्या गाडीच्या बोल्टमध्ये ते नसतं. बहुतेकांचा वेळ आणि पैसा इथेच वाया जातो. ०.८ च्या तारेला दीड मिलिमीटरचं भोक पुरतं. कॅलिपरचे ॲलन बोल्ट (डोक्यात षटकोनी खाच असलेले) अनेकदा १०.९ किंवा १२.९ ग्रेडचे, म्हणजे फार कडक पोलादाचे असतात. डोक्यावर आकडा कोरलेला असतो, तो आधी वाचा. १२.९ वर साधं हायस्पीड स्टीलचं बिट दोन-तीन भोकांत बोथट होतं. एम-३५ म्हणजे पाच टक्के कोबाल्टचं बिट घ्या, आणि एक नाही, सहा घ्या. दीड मिलिमीटरचं बिट तुटतंच, आणि तुटलेला तुकडा बोल्टच्या भोकात अडकला की तो बोल्टही गेला.

बिट का तुटतं? बहुतेक वेळा भोक आरपार निघण्याच्या क्षणी. आतल्या बाजूला पातळ पापुद्रा उरतो, बिट त्यात एकदम घुसतं, अडकतं आणि मोडतं. म्हणून शेवटच्या अर्ध्या मिलिमीटरला दाब जवळजवळ सोडून द्यायचा. दुसरं कारण हातातलं ड्रिल मशीन. मनगट किंचित तिरकं झालं तरी एवढं बारीक बिट सहन करत नाही. बेंच ड्रिल आणि बोल्ट घट्ट धरणारा वाइस हवाच. वेग मिनिटाला दीड ते दोन हजार फेरे, एवढ्या कडक पोलादाला त्याहून जास्त नको. आधी सेंटर पंच, मग कटिंग ऑइलचा थेंब, एकेक मिलिमीटर खाली जाऊन बिट वर काढून कीस झटकायचा.

ॲलन बोल्ट त्यातल्या त्यात सोपा. एम-८ च्या, म्हणजे ८ मिलिमीटर आट्याच्या बोल्टच्या डोक्याचा व्यास १३ मिलिमीटर, आतली षटकोनी खाच ६ मिलिमीटरची, म्हणजे भिंत प्रत्येक बाजूला तीन-साडेतीन मिलिमीटर. एका बाजूने आत आणि समोरून बाहेर असं सरळ जाता येतं, पण बोल्ट उलटवून दोन्ही भिंती बाहेरून आत पाडल्या तर बिट खाचेत घसरत नाही. षटकोनी डोक्याच्या बोल्टला, उदाहरणार्थ इंजिनातलं ऑइल काढायच्या ड्रेन प्लगला, एका सपाट बाजूतून शेजारच्या सपाट बाजूत असं कोपऱ्यातून तिरकं भोक पाडायचं. तिथे सुरुवातीलाच बिट घसरतं, म्हणून कोपऱ्याजवळ छोटा सपाट भाग कानशीने करून घ्या. भोक डोक्याच्या वरच्या निम्म्यात ठेवा. डोकं जिथे दांड्याला मिळतं तिथला गोलवा खाल्लात तर बोल्टची ताकदच गेली.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये बेंच ड्रिल लावायची सोय कोणाकडे असते? साकीनाका, कुर्ला भागातल्या इंडस्ट्रियल इस्टेटींतली छोटी वर्कशॉपं हे काम नगावर करून देतात. सेवा म्हणून अनुभव संमिश्र. भोकं बहुधा सरळ आणि स्वच्छ पाडतात, पण बोल्ट नुसते पिशवीतून दिले तर भोक कुठे हवं ते कारागीर आपल्या मनाने ठरवतो. प्रत्येक बोल्टवर मार्करने खूण करा, एक नमुना बोल्ट स्वतः पाडून न्या, आणि कुठला कॅलिपरचा, कुठला इंजिनाचा हे वेगळ्या पाकिटात ठेवा. मूळ बोल्ट भोक पाडायला देण्याआधी त्याच लांबीचे, त्याच ग्रेडचे आणि त्याच आट्याचे जादा बोल्ट नागदेवीतच घ्या, म्हणजे मूळ संच घरी शाबूत राहतो. लांबीत दोन मिलिमीटरही फरक नको. ड्रेन प्लग मात्र कंपनीचाच घ्या.

तार बांधायची कशी

तार बोल्ट घट्ट करत नाही. ते काम टॉर्क पान्याचं. तार फक्त घट्ट झालेला बोल्ट सैल होऊन गळून पडू देत नाही. म्हणून आधी मॅन्युअलमधल्या टॉर्कला, म्हणजे सांगितलेल्या जोराने, बोल्ट आवळायचा, मगच भोक कुठे आलंय ते बघायचं. भोक नीट समोर यावं म्हणून बोल्ट थोडा जास्त किंवा थोडा कमी फिरवणं चूक आहे. डोक्यात सहा बाजूंनी भोकं असली की सोयीची एखादी सापडतेच. नाही सापडली तर वॉशर बदलून बघा.

अंतराच्या तिप्पट तार कापा. भोकातून ओवून दोन्ही टोकं एकत्र धरा, एक टोक डोक्याला वळसा घालून आणा, आणि दिशा तपासा: तार बोल्टला आवळण्याच्या बाजूला ओढत असली पाहिजे. उजव्या आट्याचा बोल्ट सुटताना उलटा फिरतो, तेव्हा तारेला ताण यायला हवा. उलट बांधलेली तार कितीही सुबक असली तरी बोल्टला सुटायला मदतच करते, आणि तपासणारा सर्वांत आधी हेच बघतो. मग प्लायरने इंचाला सहा ते आठ पीळ. याहून जास्त पीळ दिला की तार ताठ होऊन चुरते, कमी दिला तर हलते. दुसऱ्या भोकाच्या अलीकडे तीन मिलिमीटरपर्यंत पीळ थांबवा, ओवा, उलट्या दिशेने पुन्हा पीळ द्या. शेवटी चार-पाच पिळांची शेपटी ठेवून कापा आणि आत वळवा. ती शेपटी बाहेर राहिली तर बोटं फाडते. एकदा सोडलेली तार पुन्हा वापरायची नाही.

बांधायचं काय? ऑइल ड्रेन प्लग, ऑइल भरायचं झाकण, ऑइल फिल्टर, कॅलिपरचे बोल्ट, चाकांच्या ॲक्सलचे नट, आणि बाहेरून जाणाऱ्या ऑइल लाइनचे बँजो (आतून पोकळ) बोल्ट. रॉयल एन्फिल्डच्या इंटरसेप्टर किंवा काँटिनेंटल जीटी ६५० सारखा डब्यासारखा फिरवून बसणारा फिल्टर असेल तर त्याला भोक पाडता येत नाही. त्याच्याभोवती स्टेनलेसची होज क्लिप आवळायची आणि क्लिपच्या स्क्रूपासून जवळच्या बोल्टला तार. क्लिप नागदेवीत डझनाने मिळते. चुंबक लावून बघा, स्क्रू बहुधा लोखंडीच निघतो, तेवढं चालतं. फिल्टर कव्हराखाली असेल तर कव्हरचे बोल्ट एकमेकांना बांधा. ॲक्सलला किल्ल्यासारख्या खाचांचा कॅसल नट आणि कॉटर पिन असेल तर वेगळी तार लागत नाही, फक्त पिन नवी टाका. नायलॉनचा नट दुसऱ्यांदा वापरू नका.

टेदर स्विच

टेदर म्हणजे चालकाच्या अंगाला बांधलेली दोरी. चालक गाडीपासून सुटला की दोरी स्विचमधून टोपी उपटते आणि इंजिन बंद होतं. बोनव्हिलला हा अनिवार्य आहे, आणि नसावा असं कुठलंच कारण नाही. हल्लीच्या गाड्यांत कलंडल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर असतो, म्हणून टेदर कशाला असं विचारणारे असतात. चालक पडला आणि गाडी सरळच उभी पुढे गेली तर तो सेन्सर काही करत नाही. दोनशेच्या वेगाला चाकांच्या घुमण्यामुळे गाडी बराच वेळ तशीच सरळ जाऊ शकते.

बाजारात दोन जाती मिळतात आणि पाकिटावर ते क्वचितच लिहिलेलं असतं. एकात टोपी लावलेली असताना सर्किट जोडलेलं राहतं आणि उपटली की तुटतं. दुसऱ्यात उलट: उपटली की दोन तारा जुळतात. यामाहा आरएक्स १०० सारख्या जुन्या सीडीआय (कपॅसिटरवर ठिणगी देणाऱ्या) गाड्यांचं इंजिन तार बॉडीला टेकवून बंद होतं, त्यांना दुसरी जात. फ्युएल इंजेक्शनच्या सगळ्या गाड्यांना पहिली, हँडलवरच्या इंजिन बंद करायच्या मूळ किल स्विचच्या मालिकेत. मल्टिमीटर बझरवर ठेवा, टोपी लावा आणि उपटा. दहा सेकंदांत जात कळते. मीटर नेलं नाही तर दुकानदाराकडून मागा, पण तपासल्याशिवाय घेऊ नका.

पहिल्या जातीचा मोठा फायदा असा की एखादी तार तुटली किंवा कनेक्टर निघाला तर इंजिन बंद पडतं, म्हणजे बिघाड लगेच कळतो. दुसऱ्या जातीत तार तुटली तर काहीच होत नाही. गाडी मजेत चालते आणि नेमक्या वेळी बंद होत नाही. सीडीआयवाल्यांनी म्हणूनच प्रत्येक रनआधी दोरी ओढून इंजिन बंद करून बघावं.

स्वस्त स्विचचं आणखी एक दुखणं म्हणजे अँपिअर. काही गाड्यांत किल स्विचमधून फक्त रिलेचा किरकोळ प्रवाह जातो, काहींत पूर्ण इग्निशनचा. दुसऱ्या प्रकारात हलका स्विच तापतो आणि आतलं प्लास्टिक वितळून टोपी चिकटते. त्या सर्किटचा फ्यूज बघा. दहा अँपिअरचा असेल तर सरळ चार पिनांचा तीस अँपिअरचा रिले टाका. लोहार चाळीत किंवा लॅमिंग्टन रोडला सहज मिळतो. रिलेच्या पिनांवर आकडे असतात: टेदर ८५-८६ च्या कॉइलच्या वाटेत, मुख्य प्रवाह ३० वरून ८७ ला. टोपी निघाली की कॉइल सुटते आणि मुख्य प्रवाह तुटतो. ८७ए असलेला पाच पिनांचा रिले मिळाला तर त्या पिनेला काही जोडू नका, नाहीतर सगळं उलटं होईल. फ्युएल पंपही याच सर्किटवरून बंद होतो का ते बघा: इग्निशन चालू करताच पंपाची घरघर ऐकू येते, टोपी काढून ठेवल्यावर ती यायला नको.

टोपी किती जोराने निघावी? बॅगा तोलायचा काटा दोरीला अडकवून ओढा. आमचं मोजमाप असं: पाच किलोपर्यंत निघाली नाही तर स्विच नको, आणि नुसत्या दोरीच्या वजनाने हलत असेल तरीही नको. ओढ सरळ नसते, म्हणून बाजूने आणि तिरकीही ओढून बघा. स्वस्त टोप्या तिरक्या ओढीला अडकतात. दोरी स्प्रिंगसारखी गुंडाळलेली घ्या. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, टाकीवर झोपून आणि पाठ सरळ करून बघा: ती ताणली जायला नको आणि थ्रॉटलमध्ये गुंतायला नको. दुसरं टोक सूटच्या किंवा पट्ट्याच्या कडीला, हातमोज्याला नको. हातमोजा हातातून निघतो.

बाकीचं, पटापट

व्हॉल्व्हच्या टोप्या. पितळेच्या, आत रबरी सील असलेल्या घ्या. काही रुपयांचं काम आहे आणि प्लास्टिकच्या टोपीवर गाडी परत पाठवतात. कारण ऐकण्यासारखं आहे. २०१८ मध्ये बोनव्हिलला खास तयार केलेल्या काँटिनेंटल जीटी ६५० ने ताशी दीडशे मैलांचा, म्हणजे सुमारे २४० किलोमीटरचा टप्पा ओलांडला. या गाडीच्या १८ इंची चाकावर त्या वेगाला व्हॉल्व्हच्या जागी केंद्रोत्सारी बल गुरुत्वाकर्षणाच्या नऊशे पटींहून जास्त होतं. व्हॉल्व्हची पिन रिमच्या बाजूला दाबली की हवा सुटते, आणि हे बल तिला नेमकं त्याच बाजूला ढकलतं. सील असलेली धातूची टोपी म्हणजे तिथलं शेवटचं दार. रबरी देठाऐवजी धातूचा व्हॉल्व्ह बसवला तर उत्तम.

टायरवरचं अक्षर वाचा. १००/९०-१७ ५५पी यातला पी म्हणजे कमाल १५० किलोमीटर. एस १८०, एच २१०, व्ही २४०, डब्ल्यू २७०. दीडशे सीसीच्या कम्युटरला इंजिन पोर्ट करून (हवेच्या वाटा घासून) १६० गाठायचं असेल तर आधी टायर बदला. बाजूवर चार आकडी तारीखही असते: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला टायर स्वस्त मिळतात, पण तारीख स्वतः बघा. ‘नवीनच आहे’ याचा अर्थ तिथे न वापरलेला एवढाच.

कूलंट काढून टाका. त्यातलं ग्लायकोल ट्रॅकवर सांडलं तर निसरडं होतं आणि सहज वाळत नाही. रेडिएटर दोन-तीनदा धुवून बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड पाणी भरा. स्पर्धेहून परतल्यावर कूलंट पुन्हा भरायला विसरू नका, नुसत्या पाण्याने ॲल्युमिनियम गंजतं आणि ट्रॅफिकमध्ये उकळीही लवकर येते.

लिव्हर कंपनीचेच ठेवा. टोकाला गोळी हवी, एफआयएम या जागतिक मोटारसायकल स्पर्धा संघटनेच्या नियमात तिचा व्यास किमान १६ मिलिमीटर आहे. सीएसटी रोडवरचे रंगीत आखूड लिव्हर दिसायला झकास, पण टोकं बारीक आणि पिनेत खेळ. त्यांच्याबद्दल यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं नाही.

थ्रॉटल सोडला की आपोआप मिटला पाहिजे, हँडल कुठेही वळवलेलं असो. हँडलची थरथर रोखणारा स्टिअरिंग डँपर लावला असेल तर हँडल पूर्ण वळताना थांबवणारा तो नसावा. ते काम फ्रेमवरच्या स्टॉपचं. टाकी आणि हँडल यांच्यात बोट चेंगरत असेल तर स्टॉप वाढवून घ्या. हँडलची टोकं बंद हवीत. चेनच्या क्लिपची बंद बाजू चेन धावते त्या दिशेला. पुढच्या स्प्रॉकेटचं कव्हर शोभेसाठी काढलं असेल तर परत लावा. बॅटरीवर रबरी बंजी नको, धातूची पट्टी आणि बोल्ट. इंजेक्शनच्या गाडीला कार्ब्युरेटरची पेट्रोल नळी लावू नका, ती तेवढ्या दाबाची नसते. पेट्रोलच्या वाटेतला पारदर्शक प्लास्टिकचा फिल्टर काढा. स्टिअरिंग आणि चाकांच्या बेअरिंगमधला खेळ पुढचं चाक उचलून, फोर्क खालून धरून पुढे-मागे हलवून बघा. तपासणाराही तेच करतो.

आरसे, इंडिकेटर, नंबरप्लेट, साइड स्टँड काढायचे आणि काचेच्या दिव्यांवर टेप मारायची. यानंतर गाडी रस्त्यावर चालवण्यासारखी राहत नाही, आणि मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर दुचाकीला तशीही बंदी आहे. म्हणून टेम्पो ठरवा. रॅचेटचे पट्टे पुढच्या फोर्कला खालच्या बाजूने बांधा, हँडलला नको, आणि सस्पेन्शन निम्म्याहून जास्त दाबू नका. घाटात तासन्तास दाबलेले फोर्क सील उतरल्यावर गळतात, आणि गळणारा फोर्क स्क्रूटिनीत चालत नाही. उतरवल्यावर कॅलिपर, ॲक्सल आणि ड्रेन प्लगच्या तारा बोटाने हलवून बघा. रांगेत उभं राहताना खिशात प्लायर, दोन मीटर तार, एक जादा ड्रेन प्लग वॉशर, कॉटर पिना आणि दोन पितळी टोप्या असू द्या. तपासणाऱ्याने तार उलटी बांधलीय म्हटलं तर वाद न घालता तिथेच कापून पुन्हा बांधता येते.